आडनाव न विचारणारी सपना

सपना माझ्याच वयाची. जोगेश्वरीला आमच्या शेजारच्या इमारतीत राहते. अंधेरीच्या एमआयडीसीत तिची छोटी कंपनी आहे. लिफ्ट बंद पडण्याआधीच सोसायटीला कळवणारा प्रोग्राम ती विकते. मी मराठीत एम.ए. केलं, म्हणून तिथली पत्रं लिहायला अधूनमधून जाते.

नोकरीच्या फॉर्मवर सपना आडनाव विचारत नाही. कॉलेजही नाही. पूर्वी ती मुलाखतींना जायची, तेव्हा आडनाव ऐकून समोरच्याचा आवाज बदलायचा. हे ती मला एकदाच बोलली.

तिची परीक्षा वेगळी. समोर मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम, कानाला फोन, फोनवर सोसायटीचा चिडलेला सेक्रेटरी. सेक्रेटरी होतो मुकुल, तिने घेतलेला पहिला माणूस. तो फार मन लावून चिडतो. बिघाड शोधायचा आणि त्यालाही सांभाळायचं. आजवर चारशे जण बसले. पास झाले अकरा. तेवढीच कंपनी.

गेल्या महिन्यात पैसे गुंतवणाऱ्या एका संस्थेकडून देवव्रत आले. तेव्हा सपनाकडे तीन महिन्यांच्या पगारांपुरते पैसे उरले होते. ते नाही म्हणाले असते तर कंपनीला टाळंच.

"टीमची कॉलेजं दिसत नाहीत," कागद चाळत ते म्हणाले.

"मलाच माहीत नाहीत, सर. विचारली नाहीत."

"मग माणसं निवडता कशी?"

"बसून बघता?"

मी गारच पडले. अशा माणसाला कुणी परीक्षेला बसवतं? पण ते बसले.

पलीकडच्या खोलीतून मुकुलने फोन लावला. "अहो, आमच्या आजी चौथ्या-पाचव्याच्या मधे लटकल्यात! सोसायटी पैसे भरते ते काय तुमच्या वडापावाला?"

"एक मिनिट. काम करू द्या."

"एक मिनिट? या ना, तुम्ही लटका मधे!"

देवव्रतांनी फोन ठेवून दिला. मग सहा मिनिटांत बिघाड शोधला. इतक्या लवकर आजवर कुणीच शोधला नव्हता.

मुकुल दारात आला. "नापास, सर."

"का? प्रोग्राम तर चालतोय."

"आजींना कुणी सांगितलंच नाही ना. त्या आत रडतायत."

मला वाटलं, वाट लागली. सपनाने मुकुलला गप्प केलं नाही.

"माणूस बाहेर येईपर्यंत आम्ही फोन ठेवत नाही, सर," ती म्हणाली. "म्हणून आम्हाला अजून एकाही सोसायटीने सोडलेलं नाही."

देवव्रतांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"सहा महिन्यांत चाळीस माणसं हवीत. अशी मिळतील?"

"नाही. पंचवीस मिळतील."

"चाळीस म्हणा, सगळे पैसे देतो."

"पंचवीसच, सर."

आठवड्याने पत्र आलं. पैसे पंचवीस माणसांपुरतेच. कॉलेजांबद्दल एक अक्षरही नाही. मी ते मोठ्याने वाचलं. टाळ्या थांबेनात, म्हणून पुन्हा वाचलं. मला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. पाच वर्षं भाषा शिकले, पण एक वाक्य सुचलं नाही. ही आमच्या शेजारची सपना, एवढंच मनात येत होतं, पुन्हा पुन्हा.

ती मात्र बोटांवर आकडे मोजत होती.

"पंचवीस मिळायचे तर नऊशे जण बसवावे लागतील. मुकुल, गरम पाणी पीत जा रे. घसा सांभाळ."