आजोबांच्या गाडीचा वॉटर पंप

पुस्तकात छापून यावं असं काही मी लिहावं का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. घरी लिहिणं म्हणजे बाजारात पाठवायच्या करंड्यांवर खडूनं खूण करणं, एवढंच. ज्यांना लिहिता येतं त्यांच्या रांगेत मी मध्येच घुसतोय असं सारखं वाटतं. पण ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच पाहिली आहे, म्हणून धीर करतो. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

आम्ही नाशिकच्या बाहेर, पेठ रोडच्या बाजूला फुलं लावतो. झेंडू जास्त, थोडी शेवंती. गोठ्याला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात आजोबांची मोटार उभी असायची. गोल पाठीची, डोळे वटारल्यासारख्या दिव्यांची जुनी पेट्रोल गाडी. ती मूळची शहरातल्या एका डॉक्टरांची. आजोबांनी ती घेतली, मागची सीट काढून टाकली आणि तिच्यातून फुलबाजारात झेंडू न्यायला सुरुवात केली. साहेबी गाडीतून करंड्या उतरताना पाहून बाजारातले लोक हसायचे म्हणे. मीही लहानपणी त्या करंड्यांच्या मध्ये बसून गेलो आहे. उतरलो की चड्डीला पिवळं लागलेलं असायचं.

आजोबा गेले त्याच सुमारास गाडीचा वॉटर पंप गळायला लागला. इंजिन गार ठेवणारं पाणी हा पंप फिरवतो. एका मेकॅनिकनं तो दुरुस्तीला काढून नेला, आणि काही दिवसांनी गॅरेजला कुलूप लावून कुठल्यातरी गावी निघून गेला. पंपही गेला. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती.

बीएस्सीला गेल्यावर सुट्टीत मी तिला हात लावायला लागलो. शेजारच्या गावातला एक मेकॅनिक सवडीनं यायचा. ब्रेक झाले, पेट्रोलची टाकी धुऊन झाली, टायर बसले. पंप तेवढा राहिला. त्याच्याशिवाय इंजिन चालवायचं म्हणजे ते हातानं जाळून टाकायचं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. यंदा आप्पांनी सांगून टाकलं. फुलं निवडायला आणि भरायला सावलीची जागा पुरत नव्हती, आणि शेडची अर्धी जागा गाडीनं धरलेली.

"दसऱ्यापर्यंत चालू झाली तर बघू. नाय झाली, तर दसरा झाला की भंगारवाला क्रेन घेऊन येतोय. त्याला बोलून ठेवलंय मी."

"आप्पा, एक पंपच राहिलाय."

"तो एक पंप तू कवाचा आणतोय. उभ्या गाडीला दरसाल हार घालायचा, लोक काय म्हणत असतील."

मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकीचं होतं असंही म्हणता येईना. मी कामाला लागलो.

जुना पार्ट नमुन्याला नसला की पुठ्ठ्याचा साचा करतात. पंप इंजिनावर जिथं बसतो तिथं पुठ्ठा धरायचा आणि कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकत जायचं. भोकं आणि कडा पुठ्ठ्यावर उमटतात. मी साबणाच्या खोक्याचा साचा केला, दप्तरात ठेवला आणि कॉलेज सुटलं की दुकानं फिरायला लागलो.

शहरात द्वारका चौकाजवळ जुन्या गाड्यांच्या स्पेअर पार्टचं एक दुकान आहे. तिथल्या शेठनी गाडीचं नाव ऐकलं, शिडी लावली आणि माळ्यावरून तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा पंप काढला. मी दप्तर उघडलं. साचा त्यावर ठेवला. एक भोक जुळलं, बाकीची बाजूला गेली.

"साचा चुकलाय तुझा," शेठ म्हणाले. "काय शिकतो?"

"केमिस्ट्री."

"मग बरोबर आहे. ड्रॉइंग नसेल तुम्हाला."

मी घरी जाऊन दुसरा साचा केला. तोही तसाच निघाला. मग यार्डं धरली, जिथं मोडीत काढलेल्या गाड्या एकावर एक रचून ठेवतात. अंबडला गेलो, एका रविवारी मालेगावपर्यंत जाऊन आलो. तिथल्या माणसानं चहा पाजला, चार पंप समोर मांडले, एकही बसला नाही. इंटरनेटवर परदेशातल्या एका गृहस्थांनी त्यांच्या तशाच गाडीच्या पंपाचे फोटो आपणहून पाठवले. तोही द्वारकेच्या पंपासारखाच होता. सगळ्या जगात त्या गाडीचा पंप एका घडणीचा, आणि आमच्या घरचीच गाडी निराळी.

आडगावच्या पुढे एक यार्ड आहे, ते एक मावशी चालवतात. नवरा गेल्यापासून त्याच बघतात. बसमधून काढलेल्या सीटवर बसून त्या क्रेनवाल्याला हुकूम सोडत होत्या. मी साचा पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"काय रे, कॉलेजवाला ना तू? पत्रिका घेऊन फिरतोय जसा. कुठं जुळंना का?"

"नाही जुळत, मावशी."

"मंगळ असंल," त्या म्हणाल्या, आणि क्रेनवाला खो खो हसला.

त्यांनी मला सगळं यार्ड फिरू दिलं. आमच्यासारख्या गाडीचे दोन सांगाडे होते, पण त्यांच्या इंजिनांवर साचा बसला नाही. एका कोपऱ्यात एक जुनी मालवाहू व्हॅन होती, तिच्यात मावशींनी कोंबड्या ठेवल्या होत्या. तिकडे मी वळलोही नाही. आपल्याला व्हॅनशी काय करायचंय, असं वाटलं.

शेवटी मी द्वारकेच्या शेठकडे परत गेलो. त्यांनी दोन्ही साचे एकावर एक ठेवले, ते तंतोतंत जुळले. मग म्हणाले, "साचा बरोबर आहे. मी उगाच बोललो तुला. इंजिनच दुसरं असणार. इंजिन नंबर आण, म्हणजे सांगतो."

गाडीचं पुस्तक घरात होतं, पण शेड गळायची तेव्हा ते भिजलं होतं आणि नेमकी इंजिन नंबरच्या ओळीची शाई फुटली होती. मी टॉर्च घेऊन इंजिन सगळीकडून पाहिलं. नंबर कुठंच दिसेना. आप्पा बाहेर झेंडू निवडत बसले होते. मी सहज विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"नंबर तिथंच हाय. देवाखाली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी शेडकडे वळून पाहिलं.

दसऱ्याला अवजारांची आणि गाड्यांची पूजा सगळेच करतात. हळदकुंकू लावतात, हार घालतात. आमच्या आजोबांना तेवढं पुरायचं नाही. इंजिनाच्या डाव्या अंगाला एक चपटी, उंचावलेली जागा होती. देव बसवायलाच केली आहे असं त्यांना वाटलं असावं. पहिल्या दसऱ्याला त्यांनी तेलात शेंदूर कालवून तिथं लावला. मग दरवर्षी त्यावर आणखी एक हात. त्यांच्यानंतर आप्पांनी तेच चालू ठेवलं, गाडी बंद असतानासुद्धा. थरावर थर चढून तिथं बांधावरच्या देवासारखा गुळगुळीत भगवा गोळा झाला होता. मी त्याला लहानपणापासून नमस्कार करत आलो. त्याच्याखाली इंजिनाचा भाग आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं. कंपनीनं ती जागा नंबर ठोकायला ठेवली होती.

"आप्पा, तो काढावा लागेल."

"नाय," ते म्हणाले. "माझ्या बापानं बसवलाय तो."

आई दारात आली. तिलाही ते पटलं नाही. "घरातला देव कोणी खरवडतं का? कॉलेजात हेच शिकवत्यात?"

मला वाद घालता येत नाही. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही. पण त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून निघालं. "भंगारात गेली तर शेंदरासकटच जाईल ना? ते घण घालून इंजिन फोडतात. मी पाहिलंय यार्डात."

आप्पा फुलं निवडत राहिले, पण चांगली आणि किडकी फुलं एकाच ढिगात पडत होती. बऱ्याच वेळानं ते आईला म्हणाले, "आपल्या मारुतीचं कवच उतरलं तवा काय केलं होतं गावानं?"

गावच्या मारुतीवरचा शेंदूर जड झाला की एखाद्या वर्षी त्याचं कवच सुटतं. तो कोप मानत नाहीत. देवानं जुना अंगरखा उतरवला असं म्हणतात, आणि आत उजळ मूर्ती दिसते. आईला ते आठवलं आणि तिचा चेहरा सैल पडला. "मग खरवडायचं नाय," ती म्हणाली. "नीट उतरवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळी करून आम्ही तिघं बॉनेटपाशी उभे राहिलो. आईनं दिवा लावला. आप्पांनी कोमट तेल सोडत सोडत कडेनं लाकडी पट्टी सरकवली. गोळा हलला, आणि मग एकदम अख्खाच त्यांच्या हातात आला. आतल्या बाजूला झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती, काळी पडलेली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"पाटात सोडू," आई म्हणाली.

शेंदरात शिसं असतं आणि पाटाचं पाणी जनावरं पितात, हे मी भीत भीत सांगितलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. "मग आजोबांनी लावलेल्या आंब्यापाशी पुरू," ते म्हणाले. "मुळापासनं लांब, खोल." एवढंच. आणि फावडं घेऊन गेले.

उघड्या झालेल्या जागेवर अक्षरं आणि आकडे काल ठोकल्यासारखे स्वच्छ होते. तेलानं आणि शेंदरानं त्यांना गंज चढू दिला नव्हता. मी फोटो काढून शेठना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"अरे बाबा, हे तुझ्या गाडीचं इंजिन नाही. त्याच कंपनीच्या मालवाहू व्हॅनचं आहे. कोणीतरी बदलून टाकलंय. तरीच फुलांचं ओझं ओढत होती ती. पण हा पंप माझ्याकडे नाही हं. व्हॅनी आता राहिल्या कुठं?"

मला माहीत होतं कुठं राहिली आहे. मी तसाच आडगावची बस धरली.

मावशी सीटवरच होत्या. मी धापा टाकत व्हॅनकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "त्यात कोंबड्या हायेत माझ्या." म्हटलं, कोंबड्या नकोत, पुढचं बॉनेट उघडू द्या. बॉनेट उघडलं. कोळ्याच्या जाळ्यामागे, धुळीनं माखलेला, पंप जागेवर होता. बोल्ट गंजून बसले होते. त्यांवर डिझेल सोडून ठेवलं आणि वाट पाहिली. क्रेनवाला एकेक बोल्ट हाताला येईल तसा सोडवत गेला. शेवटचा निघाला तेव्हा आत बसलेली कोंबडी ओरडत बाहेर पळाली. मी पंप मांडीवर घेऊन साचा ठेवला. सगळी भोकं एकदम जुळली. पलीकडून उजेड आरपार आला.

मी हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. मावशींनी साचा हातात घेतला, स्वतः पुन्हा ठेवून पाहिला.

"छत्तीस गुण," त्या म्हणाल्या.

पंपाचे पैसे त्यांनी घेतले, सोडले नाहीत. वर दसऱ्याला क्रेनसाठी झेंडूचा मोठा हार आणून द्यायचा असं ठरलं. "बारका आणू नको. क्रेन हाय, सायकल नाय."

लेथवाल्यानं नवीन बेअरिंग आणि सील घालून पंप तयार केला. मेकॅनिकनं तो बसवला, पाणी भरलं, आणि मला म्हणाला, "तूच मार." मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, थांबलं, आणि मग लागलं. सगळी शेड हादरत होती. आई पदरानं डोळे पुसत होती आणि धुरामुळे पुसतेय असं सांगत होती. आप्पा खाली वाकून पंपाखाली बघत होते. "गळत नाय," एवढं ते म्हणाले.

पण भंगारवाल्याचं त्यांनी काही काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "शेडात उभ्या उभ्या चालणं येगळं, माल भरून चढ चढणं येगळं. बघू." पाटाच्या पुढे शहराकडे जाताना एक चढ आहे, तिथं भरलेले टेम्पोसुद्धा गुरगुरतात. मला माहीत होतं, आप्पांच्या मनात तोच चढ आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा मोठा बाजार असतो, आणि नेमकी त्याच दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. पहाटे मी निघालो तेव्हा अंगणात करंड्या भरून ठेवल्या होत्या. नेहमीचा भाड्याचा टेम्पोही उभा होता, गाडीही उभी होती. माल कशात भरणार हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

प्रयोगशाळेत मोबाईल बंद करून दप्तरात ठेवावे लागतात. ब्युरेटमधले थेंब मोजताना माझं लक्ष दोनदा उडालं, आणि सरांनी विचारलं, बरं नाही का तुला. परीक्षा संपली. जिन्यातच उभं राहून मी मोबाईल चालू केला. तेवढ्यात तो वाजला. आप्पा मला आपणहून कधी फोन करत नाहीत, ते काम आईचं. मागे बाजाराचा गोंगाट होता, त्यामुळे ते मोठ्यानं बोलत होते.

"पेपर झाला का?"

"झाला, आप्पा."

"बरं. गाडीनं आलो. चढावर दुसऱ्या गिअरात घेतली, कुठं थांबली नाय. माल सगळा खपला." कोणीतरी त्यांना भाव विचारत होतं, त्याला त्यांनी माल संपला म्हणून सांगितलं. "अन् त्या भंगारवाल्याला फोन केला मी. म्हटलं, येऊ नको."