सरांनी सरांना दिलेले मार्क

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांइतका न्यायी माणूस खानदेशात दुसरा झाला नाही, आणि न्यायापायी इतका घोळ घालणाराही दुसरा झाला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी, याचा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून पुष्कळ वर्षं विचार केला आहे. मी मराठी शिकवतो. आमच्या विषयात एका कवितेचे चार अर्थ निघाले तरी कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे पेपरांचा गठ्ठा आला की मी एका बैठकीत तो संपवून मोकळा होतो. सरांचं तसं नव्हतं. गठ्ठा हातात पडला की घरात लग्न निघाल्यासारखी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागायची आणि निकाल लागेपर्यंत त्यांच्याशी सरळ बोलणं शक्य नसायचं. चहा घेता का विचारलं तर म्हणायचे, "आत्ता घेतला तर पुढच्या पोरांना तरतरीत मास्तर मिळेल. आधीच्यांना सुस्त मिळाला. हे बरोबर आहे का?" तोवर चहा निवून जायचा.

घोळाची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासूनच व्हायची. तापी खोऱ्यात केळीची लागवड जास्त का होते, एवढा साधा प्रश्न ते आधी कागदावर लिहायचे आणि मग त्याच्याकडे संशयाने बघत बसायचे. जास्त म्हणजे कशापेक्षा? खोरं म्हणजे कुठपासून कुठपर्यंत? सावद्याची पोरं घरामागचा केळीचा मळा आठवून लिहितील, मग धुळ्याकडच्या कोरडवाहू गावातल्या पोराने काय आठवायचं? अशा शंका आल्या की प्रश्नाला खुलासा जोडला जायचा, खुलाशाला टीप, टिपेला सूचना. शेवटी प्रश्न उत्तरापेक्षा लांब व्हायचा. एकदा एका मुलाने त्याच्याखाली 'उत्तर प्रश्नातच आले आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही' एवढंच लिहिलं. सरांनी प्रश्न परत वाचला, मुलाचं म्हणणं खरं होतं, म्हणून त्याला पूर्ण मार्क दिले. बाकीच्यांनी पानं भरून लिहिलं होतं, त्यांना कमी पडले. हा न्याय झाला की अन्याय, हे त्यांनी मला विचारलं आणि मी वर्ग आहे असं सांगून उठलो, तेव्हा माझा वर्ग नव्हता.

नाव वाचलं की माणसाचा हात सैल होतो किंवा आखडतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून तपासायच्या आधी ते प्रत्येक पेपरावरच्या नावावर आणि रोल नंबरवर वर्तमानपत्राची पट्टी चिकटवायचे. एका वर्षी डिंक जरा जास्तच लागला. तपासून झाल्यावर पट्ट्या काढायला गेले तर पट्ट्यांबरोबर नावंही निघून आली. अखेर सगळे पेपर टेबलावर मांडून वर्गाला बोलावलं आणि ज्याने त्याने आपलं अक्षर ओळखून पेपर उचलावा असं सांगितलं. सगळ्यात जास्त मार्कांच्या पेपरावर तिघांनी हक्क सांगितला आणि सगळ्यात कमी मार्कांचा पेपर कुणाचाच नव्हता.

वरचे पेपर कडक तपासले जातात आणि खालचे कंटाळून, म्हणून ते एक प्रश्न सगळ्यांचा तपासायचे, मग गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून दुसऱ्या प्रश्नाला हात घालायचे. उपाशी मास्तर मार्क कापतो आणि जेवलेला मास्तर वाटत सुटतो, हाही त्यांचाच शोध. त्यासाठी ते अर्ध्या जेवणावरून उठायचे. मी एकदा घरी गेलो तेव्हा त्यांच्या ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी तशीच, आणि ते पलीकडे लाल पेन घेऊन बसलेले. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "पोऱ्हेसले मार्क देवाना शेतस ना, मंग हाई कसाले उपाशी ऱ्हातस?" मी काकूंकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि ते ताट मीच पुढे ओढलं.

तर असा हा माणूस निवृत्तीच्या वर्षात आला. शेवटच्या वर्षाच्या वर्गाची अंतर्गत परीक्षा झाली होती. त्या वर्गात वरणगावहून रोज गाडीने येणारी एक मुलगी होती, अबोल, मागच्या बाकावर बसणारी. अंतर्गत परीक्षेत राहिलं की तिची पदवी अडकणार आणि पदवी अडकली की बी.एड.चा प्रवेश यंदा हुकणार, हे मला पक्कं माहीत होतं. कारण फॉर्म भरायला तिला मीच मदत केली होती.

सरांना या वेळी नवीच शंका आली होती. नाव झाकलं, भूक सांभाळली, गठ्ठा पिसला, तरी आपण मुळात बरोबर तपासतो याला पुरावा काय? त्यांनी उपाय शोधला. स्वतःच एक उत्तरपत्रिका लिहायची, आपल्याच प्रश्नांची, अगदी बिनचूक. ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायची. पट्टीखाली स्वतःचं नाव घालून गठ्ठ्यात टाकायची. तिला पूर्ण मार्क पडले तर आपण बरोबर. मला हे सांगताना ते फार खुशीत होते. मला ते धड कळलं नाही, पण मी मान हलवली.

मार्क भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते स्टाफरूममध्ये आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. माझ्यासमोर एक पेपर ठेवला. कोंबडीने उकरल्यासारखं अक्षर, जागोजागी लाल रेघा आणि खाली सरांचा शेरा: 'अभ्यास वाढवा. वर्गात लक्ष द्या.' पट्टीखाली सरांचं नाव होतं.

"मी नापास झालो," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. सगळा वर्ग त्यांच्याच नोट्स पाठ करून लिहायचा, त्यामुळे मजकूर ओळखीचा वाटला तरी तो कुणाचा हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. दिसलं होतं ते फक्त अक्षर. अक्षर पाहून त्यांनी पोरगा कच्चा ठरवला आणि बरोबर उत्तरंही त्यांना कच्ची दिसली. हे माझ्या लक्षात येतंय तोवर सरांनी दुसरा एक पेपर पुढे केला आणि माझं हसू थांबलं. तो वरणगावच्या मुलीचा होता. अक्षर जवळपास तसंच आणि ती दोन मार्कांनी नापास.

संध्याकाळपर्यंत मार्क भरायचे होते. सर म्हणाले, आता डोळ्यांवर विश्वास नाही, तुम्ही वाचा, मी ऐकतो. नकाशांच्या खोलीत आम्ही बसलो. सरांनी डोळ्यांना रुमाल बांधला आणि मी एकेक पेपर वाचायला लागलो. थोड्याच वेळात त्यांनी थांबवलं. माझ्या वाचण्याने सगळेच हुशार वाटतात, जरा पडक्या आवाजात वाचा म्हणाले. तसं वाचलं तर आता सगळेच नापास होतील म्हणाले. शेवटी बँकेत नंबर पुकारतात त्या आवाजावर आमचं जमलं. मध्येच एक पेपर ऐकून ते खूश झाले, पोरगं तयारीचं दिसतंय, कुणाचं आहे म्हणाले. मी सांगितलं, तुमचंच.

मुलगी पास झाली, काठावर नव्हे, चांगली पास झाली. पण ऐकण्याच्या हिशेबात एका मोत्यासारख्या अक्षराच्या मुलाचे मार्क बरेच खाली आले. सरांनी त्याचे जुनेच मार्क ठेवले. माझे डोळे भुलले त्याला तो काय करणार, असं म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे एकाला डोळ्यांचे मार्क आणि एकाला कानांचे, हे न्यायात बसतं का? ते बसत नाही म्हणाले आणि मार्क भरायला घेतले. मी त्या दिवशी जितका गोंधळलो तितका कुठल्याच कवितेने मला गोंधळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला बोलावलं आणि झालं ते सगळं सांगून तिची माफी मागितली. माझ्यासमोर. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. परीक्षेनंतर एकदा तरी येऊन का विचारलं नाहीस, असं सरांनी म्हटलं.

"सर, मले तं वाटलं, माह्यंच चुकलं आशीन," ती म्हणाली.

ती गेल्यावर सरांनी तिचा पेपर पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, "आधीच्या सगळ्यांनाही असंच वाटलं असेल." जुने पेपर केव्हाच रद्दीत गेले होते. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी फार वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर सर धुळ्याला गेले. मागच्या हिवाळ्यात मी तिथे माझ्या बहिणीकडे गेलो तेव्हा सर आणि मी पाचकंदीलजवळच्या बाजारात भाजी घेत होतो. एका माणसाने मोटारसायकल थांबवली, उतरला आणि सरांच्या पाया पडला. ओळखलं का, असं त्याने विचारलं. सरांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्याचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "अक्षर कसं होतं तुमचं?"

तो हसला. "बठ्ठा वर्गमा घाण, सर."

"आणि भूगोल?"

"तुमनाच पेपरमा नापास व्हयनू. मनाच अभ्यास कच्चा व्हता."

"असेलही," सर म्हणाले. "पण मला आता तसं सांगता येत नाही."

त्याला काही कळलं नाही. मागून गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, त्याची मोटारसायकल रस्त्यात आडवी होती. सर नेमकं काय म्हणताहेत म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला. सर त्याचा हात सोडत नव्हते.