मावशीला पटेना

जर्मनीत लेकीकडे गेलो होतो, तेव्हा तिनं मला एका जुन्या छळछावणीचं संग्रहालय दाखवलं. तिथल्या एका फोटोत प्रेतं सरपणासारखी रचलेली होती. मी बाकावर बसलो. शेजारच्या वृद्ध बाई याच छावणीतून वाचलेल्या होत्या. लेक त्यांचं बोलणं मला मराठीत सांगू लागली.

"सुटून आल्यावर मी मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'तापात बरळतेस, पोरी. माणसं असं करतील का?' मग हा फोटो वर्तमानपत्रात छापून आला."

समोर बसलेली भाची खोटी आणि छापलेला कागद खरा!

"मग काय म्हणाली मावशी?"

"भिंग घेऊन त्या ढिगात आपली बहीण शोधत बसली. माझी आई."