दादाला न सांगता

घर विकायला काढलंय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त दादाला नव्हतं.

ठमी घरीच शिलाईकाम करायची. साठी उलटली तरी दादा तिला ठमीच म्हणायचा आणि त्याचं ऐकून सगळेच. दोघांनीही लग्न केलं नाही; आईवडिलांमागे घर दोघांच्या नावावर झालं. झोपायच्या खोल्या वर, बाथरूम खाली, मध्ये उभा जिना. त्या जिन्यावरून दादा दोनदा गडगडला. दुसऱ्यांदा त्याला उचलताना ठमीची कंबर धरली, ती धरलीच.

दादाच्या सहीशिवाय व्यवहार होणार नव्हता. पण सांगायची वेळ आली की ती विषय बदलायची. शेवटी ती एवढंच म्हणाली, “घराला रंग द्यायचाय.” दादा हरखला. जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेला माणूस. त्याने बिजागऱ्यांना तेल दिलं, भिंती घासल्या. “आता घर कसं झक्क दिसेल बघ!” म्हणाला. ठमीने मान खाली घालून शिलाई पुढे चालू ठेवली.

आणि गिऱ्हाईक येण्याच्या दिवशीच रंगारी दादाला बोलून गेला, “काका, पाहुण्यांना या भिंतीला टेकू देऊ नका. ओली आहे. घर घ्यायला आलेत आणि पाठ रंगवून गेले, असं नको!”

दादा कठडा धरून वर गेला. आतून कडी लागली.

“दादा, दार उघड.”

रंगाऱ्याचं बोलणं कानावर पडलेली ठमी मागोमाग वर येऊन दार ठोठावत होती.

“दादा, माझं चुकलं. पण तू तिसऱ्यांदा पडलास तर मी काय करू? माझ्याच्याने उचलवत नाही रे आता!”

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. खाली बेल वाजली. ठमी वरच खोळंबली. रंगाऱ्याने परस्पर दार उघडलं. एक तरुण जोडपं आणि त्यांची म्हातारी आई आत आली.

तेवढ्यात कडी निघाली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. ठमीकडे न बघता जिना उतरला, एकेक पायरी चाचपत. ती श्वास रोखून मागे.

“आई पण राहणार?” त्याने तरुणाला विचारलं.

“हो.”

“मग हे घर घेऊ नका. या जिन्यावरून मी दोनदा पडलोय.”

ठमीने डोळे मिटले. ते लोक थोडं इकडेतिकडे बघून निघून गेले.

“घालवलंस ना गिऱ्हाईक!” ती रडवेली होऊन म्हणाली.

“खोटं सांगून विकायचं होतं? मला फसवलंस तेवढं पुरे झालं.” मग खुर्चीत बसत तो म्हणाला, “आपण कुठे जायचं, तेही ठरवून मोकळी झालीस?”

“नाही. खरंच नाही.”

“मग आधी ते बघू. दोघं मिळून.”

त्यांनी तळमजल्यावरच्या चार जागा पाहिल्या. तीन दादाने नाकारल्या, चौथीत त्याने नळ सोडून बघितले आणि मान डोलावली. घर पुढे एका तरण्याताठ्या जोडप्याने घेतलं. दादा सही करताना ठमीने कागद घट्ट धरून ठेवला. त्यानंतर आठवडाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता, आणि तिनेही ते निमूट सोसलं.