मामींची पाटीलकी

आमच्या थोरल्या मामींइतका नवऱ्याचा सल्ला घेणारी बाई साऱ्या निजामी मुलखात नसेल, आणि तोही नवरा वारल्यावर. मामा देवगाव रंगारीजवळच्या एका गावचे पाटील. पोटी मूल नाही, तेव्हा ते गेल्यावर पाटीलकी दिराकडं जाणार असं जो तो धरून चालला होता. पण तहसीलदार दौऱ्यावर आले तशा मामी पदर सावरत चावडीत गेल्या आणि यांचं काम मीच पाहीन, म्हणाल्या. बाईमाणसानं आपल्या वतीनं एखादा पुरुष गुमास्ता नेमावा, असं साहेबांनी उर्दूत परोपरीनं समजावलं. मामींना उर्दू चांगलं कळायचं. त्या दिवशी मात्र एक अक्षर कळलं नाही. शेवटी साहेबच थकले आणि वर्षभर बघू म्हणून घोड्यावर बसले.

कारभार मोठा अजब. मामांच्या जागेवर त्या कधी बसल्या नाहीत, शेजारी सतरंजी टाकून बसायच्या. गाऱ्हाणं आलं की "थांबा, यांना इचारून येते," म्हणत घरात जायच्या. एकदा मी डोकावले, तर खुंटीवरच्या मामांच्या पटक्यापुढं उभ्या राहून हळू आवाजात सगळी हकिकत सांगत होत्या. मला पाहून संकोचल्या. म्हणाल्या, "होते तवा चावडीतून उठायची सवड नव्हती गं त्यांना. आता निवांत ऐकतात."

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले, तेव्हा दिरांनी आपलं दार आतून लावून घेतलं. मामी मात्र मधे उभ्या राहिल्या. नेहमीसारखं थांबा म्हणाल्या आणि आत गेल्या, त्या बाहेरच येईनात. भाऊ उभे राहून दमले, मग बसले, मग भुकेले. मामी आल्या त्या पिठलं-भाकरी घेऊन, दोघांत एकच ताट. "हे म्हणतात, आधी जेवा." जेवता जेवताच पाळी ठरली. त्यानंतर गुमास्त्याचं नाव तहसीलदारांनीही काढलं नाही.

पुढं निजामी गेली, मामींचे गुडघेही गेले. पुतण्याला काम सोपवून त्या आमच्याकडं हर्सूलला राहायला आल्या आणि दिवसभर ओसरीवर रस्त्याकडं बघत बसू लागल्या. एकदा आईला म्हणाल्या, "इथं कुणी भांडत नाय व्हय?" तेव्हापासून मी आणि ताई काहीतरी खोटं भांडण उकरून त्यांच्यापुढं जायचो. त्या गंभीरपणे ऐकून घ्यायच्या, दोघींनाही रागवायच्या, आणि आम्ही वळलो की गालातल्या गालात हसायच्या.

आता ताईशी कधी खरंच बिनसतं. दोघी आपापल्या घरी अबोला धरून बसतो. गाऱ्हाणं घेऊन जावं असं माणूसच उरलेलं नाही.