मामांची ओळ

महिन्याचा खर्च मोबाईलवर मांडायला मला मुलीनं शिकवलं. भाडं, किराणा, तिची फी, सगळं एकाखाली एक. तळाशी शिल्लक आपोआप येते. या महिन्यात ती पाचशेनं जास्त दिसली.

ते पाचशे मामांचे. मामा काही सख्खे नव्हेत. आठवीत माझी शाळा सुटली, तेव्हा सोनं गाळायच्या कामासाठी मला गावाहून इतक्या लांब, या तमिळ मुलखात त्यांनीच आणलं. भट्टीवर हात पोळला की म्हणायचे, "रडतोस काय लेका? हात भाजला तर बरा होतो, पगार भाजला तर नाही." म्हातारपणी ते गावी परतले, तेव्हापासून मी त्यांना दरमहा पाचशे पाठवत होतो. गेल्या महिन्यात मामा वारले.

"बाबा, ती ओळ काढून टाकू? आता तिथं शून्यच येणार."

"राहू दे गं."

"पण कशाला?"

काय सांगू तिला? उद्या काम सुटलं तर काय, या धास्तीनं मी रोज शिल्लक बघतो. ती वाढलेली दिसली आणि मला क्षणभर बरं वाटलं. कशानं वाढली, ते नंतर आठवलं.

तेव्हापासून मोबाईल उघडला की पाठीशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मामा रागावलेले असते तर मी पाया पडलो असतो. पण ते रागावणार नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणतील, "शिकलास की रे लेका."