खजुराच्या बागेत दारं धरताना

अंबाजोगाईला नर्सिंग शिकून मी ओमानला नोकरीला लागले, तेव्हापासून माझ्या वडिलांना, आबांना बोलवत होते. त्यांचं एकच, "मोसंबीला पानी कोन देईल, बाई?" केजकडच्या आमच्या शेतातली विहीर सामाईक. एक दिवस आबांची बारी, एक दिवस काकांची. ज्याच्या बारीला लाईट जाईल, त्याचं पाणी बुडालं. त्यावरून दोघा भावांत अशी जुंपली की बोलणंच तुटलं. शेवटी शेजाऱ्याला बाग सोपवून आबा आले खरे, पण जीव सगळा तिकडेच.

एका शुक्रवारी त्यांना वाळवंटातलं ओॲसिसचं गाव दाखवायला नेलं. वाटेत नुसते उघडेबोडके डोंगर. "ह्ये तर आपल्यापेक्षा वंगाळ हाय," आबा म्हणाले. आणि मग एकदम खजुराची दाट बाग, मातीच्या भिंती, दगडी पाटातून खळखळणारं पाणी! मी म्हणते किल्ला बघू, तर आबा पाटापासून हलेनात. एक वाफा भरून ओसंडत होता.

"लई पानी वाया जायलंय की! मानूस कुठं हाय ह्यांचा?"

मी नको नको म्हणेपर्यंत पायजमा वर खोचून, चिखलाचा बोळा लावून त्यांनी वाफ्याचं दारं, म्हणजे पाणी शिरायची वाट, बंदसुद्धा केलं. जन्मभर रानात दारं धरून पाणी दिलेला माणूस, हात गप्प बसतात होय!

तेवढ्यात पांढऱ्या झग्यातले एक म्हातारबाबा काठी उगारत, ओरडत आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉस्पिटलात शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत माफी मागितली, वडील शेतकरी आहेत म्हणून सांगितलं. म्हातारबाबांचा राग तिथंच उतरला. त्यांनी आबांना हाताला धरून जमिनीत रोवलेल्या एका खांबापाशी नेलं. मी आबांना समजावलं, खांबाची सावली समोरच्या दगडाला टेकेपर्यंत पाणी या म्हातारबाबांचं, पुढे त्यांच्या भावाचं.

"अन् आभाळ आलं तर?" आबांनी विचारलं.

मी विचारून सांगितलं, "मग दोघं बसून ठरवतात म्हणे."

आबांनी जाऊन, दुसऱ्याच्या बारीत घातलेला तो बोळा आपल्या हातांनी काढला, हात धुतले आणि म्हणाले, "बाई, काकाला फोन लाव."

मी लावून स्पीकरवर टाकला. काका उचलतील की नाही, हीच धास्ती होती. त्यांनी उचलला.

"म्या बोलतोय," आबा म्हणाले. "आज माजी बारी. लाईट हाय का, तेवढंच इचारायचं व्हतं."

"हाय की, दादा. तुमच्याच बागंत उभा हाय मी. शेजारी गेलाय लेकीकडं. मग झाडं काय वाळू द्यायची व्हती?"

आबा पाटाच्या कडेला खाली बसले. मला तर रडूच फुटलं. फोन तोंडाशी धरून ते म्हणाले, "उद्या तुज्या बारीला लाईट गेली, तर परवा माजी घे."